बाटलीत मुरणारी रेड वाईन आणि नागपूरचा उन्हाळा

या वेळच्या प्रश्नांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे. रेड वाईन बाटलीत जुनी होते तेव्हा चवीत काय बदल होतात, आणि नागपुरात राहून घरच्या घरी ती मुरवता येते का? उत्तरं क्रमाने देत आहोत. पहिली दोन थोडी लांब आहेत, कारण पुढचं सगळं त्यांवर उभं आहे.

प्रश्न (धरमपेठ): मुलीच्या जन्माच्या वर्षीची, २०१९ सालची रेड वाईनची बाटली भेट मिळाली आहे. ती एकवीस वर्षांची झाली की उघडायची असं घरात ठरलंय. तोवर चव चांगली होत जाईल का? नेमकं काय बदलतं?

आधी काय बदलत नाही ते बघा. अल्कोहोल तेवढंच राहतं, साखर असली तर तीही तेवढीच, आणि आंबटपणा जवळपास होता तिथेच राहतो. म्हणून जी वाईन आज पांचट आहे, जिच्यात आंबटपणाचा कणा नाही, ती वीस वर्षांनीही पांचटच लागेल. मुरण्याने वाईनमध्ये नवीन ताकद येत नाही. असलेल्या गोष्टींची मांडणी तेवढी बदलते.

सगळ्यात ठळक बदल तुरटपणात होतो. द्राक्षाची साल आणि बिया यांतून टॅनिन उतरतं. कच्चं जांभूळ चावल्यावर किंवा चहा फार उकळल्यावर जीभ आणि हिरड्या जशा आवळल्या जातात, तेच ते. लाळेतली प्रथिनं टॅनिनला चिकटतात आणि तोंडातला ओलसर गुळगुळीतपणा जातो. बाटलीत वर्षं सरतात तसे टॅनिनचे रेणू एकमेकांशी आणि लाल रंगद्रव्यांशी जोडले जातात, काही आंबट माध्यमात तुटून नव्याने जुळतात, तर काही जड होऊन तळाशी बसतात. टॅनिनच्या साखळ्या लांब होतात म्हणून वाईन मऊ होते, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. ते पुरतं खरं नाही, कारण नुसती लांब साखळी उलट जास्त तुरट लागते. साखळीची घडण बदलते, रंगद्रव्यं तिला येऊन जोडली जातात आणि लाळेच्या प्रथिनांवरची तिची पकड सुटते. तोंडात हा फरक असा कळतो: कोवळ्या वाईनचा तुरटपणा हिरड्यांवर खरखरतो, मुरलेल्या वाईनचा मखमलीसारखा जिभेवरून सरकतो आणि विरून जातो.

रंगाचंही तसंच. पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरा आणि कडेकडे बघा. कोवळी वाईन कडेला जांभळट दिसते. काही वर्षांनी ती माणकासारखी लाल होते, मग डाळिंबी, आणि शेवटी कडेला विटकरी. सुरुवातीचा जांभळा रंग सुट्या अँथोसायनिनचा (द्राक्षाच्या सालीतल्या रंगद्रव्यांचा) असतो आणि ती काही वर्षांतच संपत येतात. त्यांची जागा टॅनिनशी जुळलेली, टिकाऊ आणि जरा नारिंगी झाक असलेली रंगद्रव्यं घेतात. वाईनच्या रसायनांचे अभ्यासक टी. सी. सोमर्स यांनी १९७१ मध्ये दाखवून दिलं की जुन्या रेड वाईनचा रंग मुख्यतः या जुळलेल्या रेणूंचाच असतो.

वास हा या सगळ्यातला सुंदर भाग. कोवळ्या वाईनमध्ये ताजं फळ असतं: जांभूळ, करवंद, चेरी. आंबवताना तयार झालेले केळ्यासारखे गोडसर वास वर्ष-दोन वर्षांत ओसरतात, कारण ते देणारी एस्टर नावाची संयुगं आंबट माध्यमात हळूहळू तुटतात. ताजं फळ सुकत जातं. जांभळाची काळी मनुका होते, चेरीचं सुकं अंजीर होतं. त्यामागून तंबाखूची पानं, चामडं, देवदाराची पेटी, पहिल्या पावसानंतर सागाच्या जंगलात भिजलेल्या पालापाचोळ्याला येतो तो वास, आणि पावसाळ्यात बाजारात येणाऱ्या सात्यांचा, म्हणजे रानातल्या अळिंबीचा वास. हे वास बाहेरून घालता येत नाहीत. ते वेळच देतो, आणि जुनी वाईन जपण्याचं खरं कारण तेच आहे.

पण प्रत्येक वाईनला एक चढण आणि एक उतार असतो. चढणीवर तुरटपणा मऊ होतो आणि नवे वास येतात. पुढे सपाट माथा लागतो, तो काही वाईनचा दोन वर्षांचा, काहींचा वीस वर्षांचा. उतार लागला की फळ निघून जातं, आंबटपणा आणि अल्कोहोल उघडे पडतात आणि वाईन पोकळ लागते. मध्येच असाही काळ येऊ शकतो की तीच बाटली मुकी होते: कोवळं फळ गेलेलं असतं आणि नवे वास अजून उमललेले नसतात. कडक टॅनिनच्या वाईनमध्ये हे विशेष दिसतं.

आता तुमच्या बाटलीविषयी. एकवीस वर्षं चढत जाणाऱ्या रेड वाईन जगात थोड्याच आहेत: फ्रान्समधल्या बोर्दोच्या नावाजलेल्या मळ्यांच्या, इटलीतल्या नेब्बिओलो द्राक्षाच्या बारोलो, सिरा आणि कॅबर्ने सोविन्यों या द्राक्षांच्या काही उत्तम वाईन, पोर्तुगालची व्हिंटेज पोर्ट. लेबलवर यांपैकी काही असेल तर दोन हजार चाळीसची वाट बघण्यात अर्थ आहे, मात्र पुढच्या प्रश्नात सांगितलेलं तापमान पाळता आलं तरच. साधी फळाळ वाईन असेल तर ती याच वर्षी उघडा. मुलीसाठी रिकामी बाटली, लेबल आणि बूच जपून ठेवा, आणि तिच्या एकविसाव्या वाढदिवसाला टिकाऊ जातीची, योग्य जागी ठेवलेली वाईन आणा.

प्रश्न (महाल): घर जुनं, भिंती जाड. तरी तीन उन्हाळे लाकडी कपाटात ठेवलेल्या बाटलीचं बूच वर सरकलंय आणि वरची पन्नी चिकट झाली आहे. वाईन खराब झाली का? गरमीने फक्त लवकर मुरते, असं एकाने सांगितलं.

बूच का सरकलं ते आधी. वाईन तापली की फुगते. २० अंशांवरून ४० अंशांवर गेली तर ७५० मिलिलिटर वाईन सुमारे ५ ते ६ मिलिलिटरने वाढते. बुचाखाली मोकळी जागा एखाद-दीड सेंटिमीटरच असते आणि तेवढ्या गळ्यात जेमतेम ४ मिलिलिटर मावतात. मग आतला दाब बूच वर ढकलतो, किंवा बुचाच्या कडेने वाईन झिरपते. पन्नीखालचा चिकटपणा त्याचाच. रात्री ती थंड होऊन आक्रसते आणि त्याच वाटेने हवा आत ओढते. मे महिन्यात हा पंप रोज चालतो. खरं नुकसान नुसत्या उष्णतेपेक्षा या चढउतारात आणि आत आलेल्या हवेत जास्त असतं.

"गरमीने लवकर मुरते" हे अर्धसत्य आहे. तापमान १० अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. १४ अंशांवर जे एका वर्षात होतं ते ३४ वर तीन-चार महिन्यांत उरकतं. पण सगळ्या क्रिया एकाच मापाने वेग घेत नाहीत. फळाचे वास तुटणं आणि शिजल्यासारखे वास तयार होणं यांचा वेग टॅनिन मऊ होण्याच्या कितीतरी पुढे धावतो. म्हणून गरमीत राहिलेली वाईन मुरलेली लागत नाही, शिजलेली लागते. काळ्या गुळाचा पाक, मुरंबा, जळकी साखर असा वास येतो, फळ मेलेलं असतं आणि तुरटपणा मात्र तसाच खडबडीत राहिलेला असतो. वरणभात मंद आचेवर शिजवणं आणि मोठ्या आचेवर तळ लावणं, एवढाच फरक.

मुरवण्यासाठी १२ ते १४ अंश सेल्सिअस योग्य, आणि ते वर्षभर एकसारखं असणं जास्त महत्त्वाचं. १६ किंवा १७ वर स्थिर राहिलेली बाटली १० ते २२ मध्ये हेलकावणाऱ्या बाटलीपेक्षा चांगली राहते. नागपुरात मे महिन्यात बाहेरचा पारा ४५ ओलांडतो, नवतपात रात्रीही घर निवत नाही. जाड भिंतींचा तळमजला स्लॅबच्या घरापेक्षा काही अंश थंड असतो, पण म्हणून तो तळघर होत नाही. कूलरने खोली २८-३० वर येते, आणि कूलर बंद झाला की परत चढते. त्यात कूलरची ओल लेबलांना बुरशी आणते, जरी बुचाला ती ओल बरी असते. ३५ च्या वर काही आठवडे किंवा ४० च्या वर काही दिवस गेले तर बहुतेक रेड वाईनमध्ये फरक जिभेला कळतो.

तुमची बाटली फेकू नका, उघडून बघा. विषारी होत नाही, फक्त चव बिघडते. गळ्यातली पातळी किती खाली आली ते बघा. खांद्यापर्यंत उतरली असेल तर हवा भरपूर आत गेली आहे. कडेचा रंग तपकिरी आणि वास कापून काळ्या पडलेल्या सफरचंदासारखा असेल तर वाईन हवेने गेली. व्हिनेगर किंवा नेलपॉलिशचा झटका असेल तर आंबली. यांपैकी काही नसेल, फक्त मुरंब्यासारखा वास असेल, तर ती वाईन मटणाच्या रश्श्यात घालायला उत्तम आहे: अर्धा किलो मटणाला १५० मिलिलिटर, आधी मोठ्या आचेवर निम्मी आटवून.

प्रश्न (मनीष नगर): वाईनचा छोटा फ्रिज घ्यायचा आहे. बाजारात दोन प्रकार दिसतात, किमतीत बराच फरक आहे. नागपूरसाठी कोणता?

कॉम्प्रेसरचा. इथे तडजोड करू नका.

स्वस्त आणि आवाज न करणारे छोटे फ्रिज बहुधा पेल्टिएर पद्धतीचे असतात. त्यात कॉम्प्रेसर नसतो. विजेचा प्रवाह एका पट्टीच्या आतल्या बाजूने उष्णता उचलतो आणि बाहेरच्या बाजूला टाकतो. तो आतलं तापमान बाहेरच्या खोलीपेक्षा साधारण १० ते १५ अंशच खाली आणू शकतो. पुण्यात २६ अंशांच्या खोलीत तो १४ दाखवेल. नागपुरात मे महिन्यात ३८ अंशांच्या खोलीत तो दिवसरात्र चालूनही २४-२५ च्या खाली जाणार नाही, पंखा जळण्याची शक्यता वेगळीच.

कॉम्प्रेसरवाला घेतानाही मागच्या पट्टीवरचा हवामान वर्ग वाचा. 'एन' म्हणजे भोवतालचं तापमान १६ ते ३२ अंश असेल अशा जागेसाठी, 'एसटी' म्हणजे १६ ते ३८, आणि 'टी' म्हणजे १६ ते ४३. आपल्याकडे 'टी' किंवा निदान 'एसटी'. आयात केलेल्या कित्येक सुंदर दिसणाऱ्या फ्रिजवर 'एन' असतं आणि ते एप्रिलमध्येच दम टाकतात.

ठेवायची जागा आतल्या खोलीत. गॅलरीत नाही, स्वयंपाकघरात ओट्याशेजारी नाही, पश्चिमेच्या भिंतीला टेकून नाही. मागे निदान १० सेंटिमीटर मोकळं सोडा, नाहीतर गरम हवा तिथेच घोटाळते. स्टॅबिलायझर लावा. तापमान १४ वर ठेवा. १० वर ठेवून कॉम्प्रेसरला उन्हाळाभर धापा टाकायला लावण्यात काही मिळत नाही. आत किमान-कमाल नोंदवणारा डिजिटल थर्मामीटर ठेवा आणि त्याचा सेन्सर पाण्याने भरलेल्या एका बाटलीत सोडा. हवेचं तापमान दार उघडताच उडी मारतं, बाटलीतल्या द्रवाचं नाही, आणि आपल्याला द्रवाचं हवं आहे. लाईन दोन-चार तास गेली तर घाबरू नका. भरलेला फ्रिज दार बंद ठेवलं तर एक-दोन अंशच वर जातो. म्हणून जागा रिकामी असेल तर पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा.

आणि सहा-आठच बाटल्या असतील तर फ्रिज घेण्याआधी विचार करा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी नागपूरचं घर वाईनसाठी पुरेसं थंड असतं. दिवाळीनंतर आणायच्या, होळीपर्यंत संपवायच्या, हा खर्च नसलेला मार्ग बहुतेकांना पुरतो. मधला उन्हाळा काढायचाच असेल तर साधा फ्रिज चालतो. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवा. चार-पाच अंशांवर मुरणं जवळजवळ थांबतं आणि फ्रिजची कोरडी हवा वर्षभरात बूच सुकवू शकते, म्हणून मार्च ते जून एवढाच मुक्काम ठेवा. माळा, दिवाण आणि लोखंडी कपाट मात्र टाळाच. त्यातही माळा सगळ्यात वाईट, कारण स्लॅबची सगळी आच तिथे साठते.

प्रश्न (सदर): फिरकीच्या झाकणाची वाईन मुरते का? आणि ती आडवी ठेवायची की उभी?

मुरते. मुरण्याच्या बहुतेक क्रियांना बाहेरच्या हवेची गरज नसते. बुचातून वर्षाला एखादा मिलिग्रॅम ऑक्सिजन आत जातो, झाकणाच्या आतल्या अस्तरातून साधारण त्याहून कमी. त्यामुळे झाकणाची वाईन जरा संथ चालते, फळ जास्त काळ धरते आणि एक बाटली दुसरीपेक्षा फार वेगळी निघत नाही. बुचाच्या दहा बाटल्या मात्र दहा वर्षांनी दहा तऱ्हेच्या असू शकतात. झाकणाची वाईन उघडल्यावर कधी काडी ओढल्यासारखा गंधकाचा वास येतो. पेल्यात जोरात फिरवली की पाच-दहा मिनिटांत तो उडतो.

आडवी ठेवणं बुचासाठी असतं, कारण ओलं बूच फुगलेलं आणि घट्ट राहतं. झाकणाला त्याची गरज नाही. उभी ठेवलीत तर जागाही वाचते.

बुचाचा आणखी एक दोष इथेच सांगतो, कारण तो उष्णतेच्या माथी मारला जातो. पावसाळ्यात बंद पेटीत भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास आला आणि फळाचा मागमूस नसला तर ते ट्रायक्लोरोअॅनिसोल आहे. लिटरमागे काही नॅनोग्रॅमही नाकाला कळतात. ते बुचात आधीपासूनच असतं. तुमच्या ठेवण्याशी त्याचा संबंध नाही आणि हवा लावून ते जात नाही. दुकानदाराकडे तक्रार करण्याजोगा हा दोष आहे.

प्रश्न (रामदासपेठ): आठ वर्षं जुन्या बाटलीच्या तळाशी काळा गाळ आणि बुचाला चमकणारे खडे दिसतात. प्यायची का? गाळायची कशी?

दोन्ही निरुपद्रवी आहेत. खडे टार्टारिक आम्लाच्या पोटॅशियम क्षाराचे असतात. वाईन कधीतरी थंड झाली की ते सुटतात. काळा गाळ म्हणजे वर सांगितलेली जड झालेली टॅनिन आणि रंगद्रव्यं. तोंडात आली तर कडू आणि मातकट लागतात, म्हणून वेगळी करायची. वाईन गढूळ असेल आणि उघडताना फसफसली तर मात्र ती बाटलीत पुन्हा आंबली आहे, ती ओतून द्या.

पिण्याच्या एक-दोन दिवस आधी बाटली आडवीची उभी करा, म्हणजे गाळ तळाशी बसतो. उघडताना हलवू नका. आठ-दहा वर्षांचं बूच ठिसूळ असतं. नेहमीचा कॉर्कस्क्रू मधोमध, पूर्ण लांबीभर, सावकाश घाला आणि सरळ वर ओढा. जास्त जुन्या बाटल्यांसाठी दोन पात्यांचं उघडणं मिळतं. त्याची पाती बूच आणि काच यांच्यामधून डुलवत खाली न्यायची आणि पिळत वर काढायची. बूच तुटून आत पडलंच तर घाबरू नका, ते गाळणीत अडकेल.

मग बाटलीच्या गळ्यामागे मोबाईलचा टॉर्च धरा आणि एकाच सलग, संथ धारेने काचेच्या चंबूत ओता. मध्ये थांबून बाटली सरळ केली की गाळ उसळतो. गळ्याशी धुरकट रेघ येताना दिसली की थांबा. तळाशी ३० ते ५० मिलिलिटर सोडून द्यावे लागतात, त्याचा लोभ धरू नका. चहाची गाळणी खडे आणि बुचाचे तुकडे अडवते, बारीक गाळ नाही. त्यासाठी धुतलेलं, साबणाचा वास नसलेलं मलमल वापरा.

वेळेचं मात्र नीट लक्षात ठेवा. कोवळ्या कडक वाईनला एक-दोन तास हवा लागली तर फायदा होतो. जुनी वाईन नाजूक असते, तिचे वास चंबूत गेल्यावर अर्ध्या-एक तासात फिके पडू लागतात. गाळली की लगेच पेल्यात.

पिण्याचं तापमान १६ ते १८ अंश. "खोलीच्या तापमानाला" हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा आहे. आपल्या ३२ अंशांच्या खोलीत रेड वाईन प्यायलात तर अल्कोहोल नाकात घुसतं आणि फळ दबतं. बाटली फ्रिजमध्ये साधारण दीड तास, किंवा निम्मं पाणी निम्मा बर्फ अशा बादलीत १०-१२ मिनिटं ठेवा. पेल्यात थोडी थोडी घ्या, ती भराभर तापते.

प्रश्न (त्रिमूर्ती नगर): भारतीय रेड वाईन ठेवण्यालायक आहेत का? लेबलवरचं वर्ष कसं वाचायचं?

बहुतेक नाहीत, आणि त्यात काही कमीपणा नाही. त्या लवकर पिण्यासाठीच बनवलेल्या असतात. आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी होते आणि जानेवारी ते मार्च दरम्यान वाईनची द्राक्षं उतरतात. शेवटच्या आठवड्यांत ऊन चढत असतं, साखर झपाट्याने वाढते आणि आंबटपणा तेवढ्याच झपाट्याने पडतो. आंबटपणा कमी असलेली वाईन दीर्घकाळ टिकत नाही. साध्या भारतीय शिराझ किंवा कॅबर्ने द्राक्षतोडीपासून दोन-तीन वर्षांत संपवा.

अपवाद आहेत. नंदी हिल्सच्या ग्रोव्हरची 'ला रिझर्व्ह' (कॅबर्ने सोविन्यों आणि शिराझ), अकलूजच्या फ्रातेल्लीची 'सेत्ते' (सांजोवेझे आणि कॅबर्ने सोविन्यों), नाशिकच्या सुलाची 'रासा'. या ओकच्या पिंपात राहिलेल्या, बांध्याने भक्कम वाईन आहेत. १४ अंशांवर पाच-सात वर्षं ठेवल्या तर त्यांचं कोवळं लाकूड वाईनमध्ये विरतं आणि तुरटपणा गोल होतो. कपाटात ठेवायच्या असतील तर त्याही पुढच्या मार्चच्या आत.

वर्ष म्हणजे द्राक्षं तोडल्याचं वर्ष. २०२३ ची भारतीय वाईन त्या वर्षाच्या सुरुवातीला तोडलेली आहे, २०२३ ची फ्रेंच सप्टेंबर-ऑक्टोबरातली. म्हणजे एकाच आकड्याची भारतीय बाटली सात-आठ महिन्यांनी मोठी. स्पेनच्या रिओहा भागातल्या वाईनच्या लेबलवर आणखी मदत मिळते. 'क्रिआन्सा' दोन वर्षांनी बाजारात येते, 'रेसेर्वा' तीन, 'ग्रान रेसेर्वा' पाच वर्षांनी. मुरलेली चव घरी न थांबता चाखायची असेल तर आमच्या मते रिओहा रेसेर्वा हा सर्वांत भरवशाचा रस्ता आहे. फक्त दुकानात ती कशी ठेवली होती ते बघा. काचेच्या दर्शनी कपाटात ट्यूबलाइटखाली उभी असलेली बाटली घेऊ नका, मागच्या एसी खोलीतून मागून घ्या.

प्रश्न (इतवारी): सावजी मटणासोबत जुनी वाईन कशी लागेल?

वाया जाईल. तिखटाने जिभेची आग वाढलेली असते, अल्कोहोल ती आणखी वाढवतं आणि मुरलेल्या वाईनचे हळवे वास सावजी मसाल्यापुढे ऐकूच येत नाहीत. सावजीसोबत कोवळी, फळाळ, कमी तुरट रेड घ्या आणि ती जरा जास्तच थंड, १३-१४ अंशांवर. जुन्या बाटलीसाठी काळी मिरी आणि तुपातलं कमी तिखटाचं सुकं मटण, किंवा मीठ-लसणावर परतलेल्या सात्या. पालापाचोळ्याच्या त्या वासाशी सात्यांचं जमतं तसं फार कशाचं जमत नाही.

प्रश्न (वर्धा रोड): नाशिकहून समृद्धी महामार्गाने गाडीत सहा बाटल्या आणायच्या आहेत. काय काळजी घ्यावी?

आधी कायद्याची. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, आणि समृद्धीने या की अमरावती-तळेगाव मार्गाने, नागपूरला पोहोचताना वर्धा जिल्हा लागतोच. निघण्याआधी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कार्यालयात वाहतुकीचे नियम विचारा. ते जमत नसेल तर नागपुरातच घ्या.

दुसरी काळजी डिकीची. एप्रिल-मेमध्ये उन्हात बंद उभ्या गाडीत तापमान ६० च्या आसपास जातं. जेवायला तासभर थांबलात तेवढ्यात बूच सरकू शकतं. बाटल्या थर्माकोलच्या खोक्यात, गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्यांसोबत, मागच्या सीटखाली एसीच्या हवेत ठेवा. घरी आल्यावर जुनी बाटली लगेच उघडू नका, हलल्याने उसळलेला गाळ बसायला आठवडा द्या.

प्रश्न (प्रताप नगर): वाचून समजतं, पण जिभेला फरक कळेल असा घरगुती प्रयोग आहे का?

आहे, आणि तो प्रत्येकाने एकदा करावा असं आम्हाला मनापासून वाटतं. ओकमध्ये राहिलेल्या एकाच भारतीय रेडच्या सहा बाटल्या डिसेंबरमध्ये घ्या. लेबलवरचा बॅच क्रमांक सहाही बाटल्यांवर एकच असू द्या, नाहीतर तुलना फसते. एक लगेच उघडा आणि रंग, तुरटपणा, वास यांची तीन ओळींत नोंद करा. तीन बाटल्या १४ अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवा, फ्रिज नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे. उरलेल्या दोन कपाटात, शेजारी किमान-कमाल थर्मामीटर ठेवून.

पुढच्या डिसेंबरात फ्रिजमधली एक आणि कपाटातली एक अशा दोन्ही १७ अंशांवर आणा. दुसऱ्या कुणाला तरी त्या न दाखवता ओतायला सांगा, तीन पेल्यांत ६०-६० मिलिलिटर: दोनांत एक वाईन, एकात दुसरी. आधी वेगळा पेला कोणता ते ओळखायचं, मग का ते सांगायचं. पांढऱ्या कागदावर कडेचा रंग आधी बघा, मग वास, घोट शेवटी. दोन घोटांच्या मध्ये साधी पोळी आणि पाणी. कपाटातली दुसरी बाटली आणखी एका उन्हाळ्यानंतर उघडा. फ्रिजमधल्या उरलेल्या दोन तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी, त्याच तीन ओळींच्या वहीसह.